शाळेला नर्स मिळवून देणारी बाई : लिलियन वॉल्ड

मी चौथीत असताना मला शाळेतून घरी पाठवले होते. गुन्हा काही केला नव्हता. डोक्यात उवा झाल्या होत्या, खाजवून खाजवून फोड आले होते आणि ते चिघळले होते. शेजारी बसणाऱ्या मुलीच्या आईने तक्रार केली. गुरुजी वाईट नव्हते, पण वर्गातल्या बाकीच्या मुलांचाही त्यांना विचार करायचा होता. त्यांनी एक चिठ्ठी लिहिली, माझ्या हातात दिली आणि बरी झाल्यावर यायला सांगितले. आई कापूस वेचायला गेली होती, ती दिवेलागणीला आली. तिला वाचता येत नाही. म्हणून चिठ्ठी मीच वाचून दाखवली, आणि वाचताना बदलली. शाळेला आठ दिवस सुटी आहे, असे सांगून टाकले. खरे सांगायची लाज वाटली. आठ दिवसांनी आईला खरा प्रकार कळला, पण तोवर माझा शाळेत जायचा धीर सुटला होता आणि काय औषध करावे हे तिला सुचत नव्हते. आजीने कडुनिंबाच्या पाल्याने डोके धुऊन पाहिले. बघता बघता तीन आठवडे गेले. गंमत अशी की, रोज संध्याकाळी मी वर्गातल्या त्याच मुलींबरोबर पारावर खेळत होते!

एके दिवशी उपकेंद्रातल्या नर्सबाई शेजारच्या बाळंतिणीला पाहायला आल्या. त्यांचे लक्ष ओट्यावर बसलेल्या माझ्याकडे गेले. त्यांनी माझे केस कापले, डोके धुतले, मलम लावले आणि ते रोज कसे लावायचे हे आईला दाखवून दिले. आठवड्याभरात फोड सुकले. मग त्यांनीच मला हाताला धरून शाळेत नेऊन बसवले.

ही हकीकत मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. यंदा समाजसेवकांच्या चरित्रांवर निबंध लिहायचा होता, म्हणून ग्रंथालयात पुस्तके चाळत बसले होते. त्यात लिलियन वॉल्ड या अमेरिकन परिचारिकेचे चरित्र हाती लागले. डोक्यावरच्या फोडांमुळे शाळेबाहेर राहिलेल्या एका मुलाची गोष्ट त्यात आहे. ती वाचताना मी थांबलेच. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, सात समुद्रांपलीकडे, माझीच गोष्ट घडून गेली होती. फरक एवढाच, की त्या गोष्टीचा पाठपुरावा करणारी एक बाई तिथे होती. तिची ओळख माझ्या मित्रमैत्रिणींना करून द्यावी, म्हणून हा लेख.

लिलियन वॉल्ड यांचा जन्म १० मार्च १८६७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात झाला. घराणे जर्मनीकडून आलेल्या ज्यू लोकांचे होते. वडील चष्मे, दुर्बिणी अशा वस्तूंचा व्यापार करीत. घरात सुबत्ता होती, पुस्तके होती, संगीत होते. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर गावी राहायला गेले आणि तेथील एका चांगल्या खाजगी शाळेत लिलियनचे शिक्षण झाले. सोळाव्या वर्षी तिने व्हॅसर या मुलींच्या प्रसिद्ध महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्ज केला. वय लहान म्हणून तो नाकारण्यात आला. त्यानंतरची काही वर्षे सुखवस्तू घरातील मुलींची जातात तशी गेली. मेजवान्या, भेटीगाठी, थोडेसे वाचन. या आयुष्यात तिचे मन रमेना.

तिच्या बहिणीच्या बाळंतपणात एक प्रशिक्षित परिचारिका घरी आली. तिचे शांत, नेटके, जाणतेपणाने चाललेले काम पाहून लिलियनने आपला मार्ग ठरवला. १८८९ साली ती न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या परिचारिका विद्यालयात दाखल झाली आणि १८९१ साली तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. काही काळ तिने मुलांच्या एका अनाथालयात नोकरी केली. तिथला कारभार पाहून ती अस्वस्थ झाली आणि डॉक्टर व्हावे म्हणून स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिने नाव घातले.

हे शिक्षण चालू असतानाच तिला एक छोटेसे काम मिळाले. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या भागात परदेशांतून आलेल्या गरीब बायका राहत. घरच्या घरी रोग्याची शुश्रूषा कशी करावी याचे धडे त्यांना द्यायचे होते. हा भाग म्हणजे त्या शहरातली दाट वस्तीची चाळवस्तीच. रशिया, पोलंड, रुमानिया, इटली येथून जहाजे भरभरून माणसे येत आणि या पाच-सहा मजली अंधाऱ्या इमारतींत शिरत. दोन खोल्यांत सात-आठ माणसे, त्यांतच शिवणकाम, त्यांतच भाडेकरू. मुंबईच्या गिरणगावातील चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या चित्राची कल्पना सहज येईल.

१८९३ सालच्या मार्च महिन्यातील एक पावसाळी सकाळ. अंथरूण नीट कसे घालावे याचा धडा चालू होता. एक लहान मुलगी रडत आली आणि आपली आई आजारी असल्याचे सांगू लागली. लिलियन तिच्या मागोमाग निघाली. उखडलेले रस्ते, कचऱ्याचे ढीग, मागच्या अंगणातले उघडे संडास, घाणीने बरबटलेले जिने ओलांडून ती एका खोलीत पोचली. दोन दिवसांपूर्वी बाळंत झालेली बाई रक्ताने माखलेल्या अंथरुणावर पडून होती. घरातला पुरुष अपंग होता. दोन खोल्यांत सात माणसे आणि वर भाडेकरू. लिलियनने त्या बाईला स्वच्छ केले, खोली आवरली. निघताना त्या माणसांनी तिच्या हाताचे चुंबन घेतले, तेव्हा तिला स्वतःचीच शरम वाटली. ज्या समाजात हे घडू शकते त्या समाजाची आपणही एक घटक आहोत, हे तिला त्या दिवशी उमगले. अंथरूण घालण्याचा धडा कुठे आणि ते अंथरूण कुठे! वैद्यकीय महाविद्यालयात ती पुन्हा गेली नाही.

मेरी ब्रूस्टर या आपल्या मैत्रिणीला सोबत घेऊन तिने त्याच वस्तीत राहायचे ठरवले. आधी काही दिवस रिव्हिंग्टन स्ट्रीटवरील एका सेवासंस्थेत आणि मग जेफरसन स्ट्रीटवरच्या एका इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर या दोघींनी बिऱ्हाड मांडले. सकाळी बाहेर पडावे, जिने चढावे-उतरावे, तापकरी, बाळंतिणी, क्षयाचे रोगी यांची शुश्रूषा करावी, रात्री परत यावे, असा त्यांचा दिनक्रम होता. ज्याला परवडेल त्याने काही नाणी द्यावीत, ज्याला परवडत नसेल त्याने देऊ नयेत. पैसे अगदीच थोडे असले तरी ते घ्यायचे, कारण त्यामुळे घेणाऱ्याचा मान राहतो, अशी त्यांची दृष्टी होती. जेकब शिफ या धनाढ्य सावकाराने आणि श्रीमती लोब यांनी या कामाला पैशाचे पाठबळ दिले. १८९५ साली शिफ यांनी हेन्री स्ट्रीटवरील २६५ क्रमांकाचे घर या कामासाठी मिळवून दिले. तेच पुढे हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या नावाने जगाला माहीत झाले. आजही ती संस्था त्याच घरातून काम करते.

आता त्या मुलाची गोष्ट सांगते.

त्याचे नाव लुई. वय वर्षे बारा. शाळेचे तोंड त्याने पाहिले नव्हते, म्हणजे पाहिले होते ते केवळ बाहेरून. डोक्यावर फोड असल्यामुळे दर वेळी त्याला परत पाठवण्यात येई. वॉल्डबाईंनी डोके तपासले. रोग असाध्य मुळीच नव्हता. दवाखान्यातून मिळणारेच मलम नीट, नियमाने लावायला हवे होते. त्यांनी ते लावले. डोके बरे झाले आणि सप्टेंबर महिन्यात, आयुष्यात प्रथमच, लुईला शाळेत प्रवेश मिळाला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत तो धावत धावत त्या इमारतीचे पाच जिने चढून वर आला, कशासाठी, तर सकाळी शिकलेल्या चार शब्दांची स्पेलिंगे बाईंना म्हणून दाखवायला!

दुसरी एखादी परिचारिका असती तर एका मुलाचे भले केल्याच्या समाधानात ती झोपी गेली असती. वॉल्डबाईंचे वेगळेपण असे की, लुईसारखी मुले किती आहेत, हा प्रश्न त्यांना पडला. त्या टिपणे ठेवू लागल्या. कोणते मूल कोणत्या आजारामुळे शाळेबाहेर आहे याची नोंद त्यांनी सुरू केली. त्याबरोबरच उलटी बाजूही त्यांच्या ध्यानात आली. सांसर्गिक तापातून उठलेली, अंगाची कातडी सोलून निघत असलेली मुले खुशाल वर्गात बसलेली त्यांना आढळली. म्हणजे ज्यांना घरी ठेवायला हवे ती शाळेत, आणि ज्यांना थोड्याशा उपचाराने शाळेत ठेवता आले असते ती घरी. हा प्रकार त्यांनी शहराच्या आरोग्य खात्यापुढे मांडला.

१८९७ साली न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने शाळांच्या तपासणीसाठी दीडशे डॉक्टर नेमले. हे डॉक्टर अर्धवेळ काम करीत. ते येत, संशयित मुले पाहत आणि ज्यांना संसर्ग असेल त्यांना घरी पाठवीत. १९०२ साली शहराचा कारभार सुधारक पक्षाच्या हाती आला आणि तपासणी कडक झाली. डोळ्यांच्या खुपऱ्या, नायटा, खरूज, उवा, चिघळलेले फोड, डोळे येणे यांपैकी काहीही दिसले की मुलाच्या हातात एक कार्ड द्यायचे आणि त्याला घरी पिटाळायचे. या कडकपणाचा परिणाम काय व्हावा? वर्ग ओस पडू लागले. १९०२ च्या सप्टेंबर महिन्यात १०,५६७ मुलांना अशा रीतीने वर्गाबाहेर काढण्यात आले.

या आकड्याच्या पलीकडे काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. मूल कार्ड घेऊन घरी जाई. कार्ड इंग्रजीत. आईबापांची भाषा यिडिश, इटालियन नाहीतर रशियन. कार्डावरच्या वैद्यकीय नावाचा अर्थ इंग्रजी येणाऱ्यालाही कळायला कठीण, मग त्यांना कुठून कळणार? कळला तरी आई शिवणकामात आणि बाप कारखान्यात. मग मूल रस्त्यावर खेळे, शाळा सुटल्यावर त्याच वर्गमित्रांत मिसळे आणि ज्या संसर्गासाठी त्याला बाहेर काढले होते तो संसर्ग त्याच मुलांना देई. रोग हटला नाहीच, शिक्षण मात्र हटले. हे वाचताना मला माझी चिठ्ठी आठवली आणि तो संध्याकाळचा पार आठवला.

वॉल्डबाईंनी सांगितलेला उपाय अगदी साधा होता. डॉक्टर रोग ओळखतो, पण रोग ओळखल्यानंतर मूल आणि औषध यांची गाठ घालून देणारे माणूस हवे. ते माणूस शाळेत असले पाहिजे आणि त्याला मुलाचे घर माहीत असले पाहिजे. लंडनमध्ये परिचारिकांनी शाळांत जाऊन असे काम केल्याचे उदाहरण होतेच. वॉल्डबाईंनी आरोग्य खात्याला आपली एक परिचारिका एक महिना उसनी द्यायची तयारी दाखवली. मात्र त्याआधी एक अट घातली. प्रयोग यशस्वी झाला तर या परिचारिकेचा पगार शहराच्या तिजोरीतून मिळावा यासाठी अधिकाऱ्यांनी आपले वजन खर्च करावे, असे वचन त्यांनी घेतले.

माझ्या मते त्यांच्या साऱ्या चरित्राचे मर्म या अटीत आहे. देणगीदार त्यांच्या हाती होते. दहा शाळांना दहा परिचारिका त्या स्वतःच्या संस्थेतून देऊ शकल्या असत्या. वाहवा झाली असती. पण देणगी आज असते, उद्या नसते. शाळा जर सार्वजनिक असेल, सर्वांच्या करातून चालत असेल, तर तिथे जसा गुरुजींचा पगार ठरलेला तसाच नर्सचाही ठरलेला असला पाहिजे. ती कुणाच्या दयेवर येणारी पाहुणी नसावी, शाळेची नोकर असावी. हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखले होते.

१ ऑक्टोबर १९०२ रोजी लिना रॉजर्स ही तरुण परिचारिका कामावर रुजू झाली. ती मूळची कॅनडाची. तिच्याकडे चार शाळा आणि त्यांत मिळून सुमारे दहा हजार मुले! दवाखान्याला वेगळी खोली नव्हती. मिळेल त्या कोपऱ्यात औषधे मांडून ती बसे. डॉक्टरांनी निवडलेली मुले घरी जाण्याऐवजी तिच्याकडे येऊ लागली. डोळे धुणे, मलम लावणे, फोडांवर पट्टी बांधणे, केस साफ करणे अशी कामे ती करी आणि मुलाला परत वर्गात पाठवी. खरोखर सांसर्गिक रोग असलेल्यांनाच घरी जावे लागे. आणि शाळेचे काम संपले की ती त्या घरी जाई. घरातल्या बाईला कार्डाचा अर्थ समजावून सांगे, औषध कसे लावायचे ते करून दाखवी, गरज पडल्यास दवाखान्यात घेऊन जाई. पहिल्या महिन्यात तिने ८९३ उपचार केले आणि १३७ घरांना भेटी दिल्या. ज्यांच्यावर कधीच उपचार झाले नव्हते अशी २५ मुले बरी होऊन शाळेत परतली.

एक बारीकशी गोष्ट मला फार मोलाची वाटली. मुलांच्या आजाराचे नाव वर्गात उघडे पडू नये म्हणून त्याऐवजी खुणेचे आकडे वापरण्याची पद्धत ठेवण्यात आली होती. मूल नर्सकडे गेले एवढेच इतरांना दिसे. उवा झाल्या म्हणून गेले की डोळे आले म्हणून, ते कळत नसे. औषधाइतकीच लाज राखणेही गरजेचे असते, हे ज्याने ही पद्धत काढली त्याला नक्कीच ठाऊक असणार. माझ्या चिठ्ठीवर आकडा असता तर ती मी बहुधा खरी वाचून दाखवली असती.

महिन्याचा प्रयोग संपला तेव्हा निकालाबद्दल शंका उरली नव्हती. शहराने आपल्या खर्चाने आणखी बारा परिचारिका नेमल्या आणि पुढे ही संख्या वाढत गेली. १९०३ च्या सप्टेंबरमध्ये वर्गाबाहेर काढलेल्या मुलांची संख्या होती १,१०१. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या मानाने हा आकडा जवळजवळ एकदशांश आहे. नवे औषध निघाले नव्हते. मलम तेच होते, डॉक्टर होतेच. वाढल्या होत्या त्या केवळ नर्सबाई. हळूहळू इतर शहरांनीही हा कित्ता गिरवला. स्वतः लिना रॉजर्स पुढे टोरोंटो शहरातील शालेय परिचारिकांच्या प्रमुख झाल्या आणि १९१७ साली त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. जून १९०६ मध्ये याच वस्तीत मोठा गोंधळ उडाला. एका शाळेत डॉक्टरांनी काही मुलांच्या घशातील गाठींची शस्त्रक्रिया केली आणि शाळेत मुलांचे गळे कापतात अशी आवई उठली. हजारो आया शाळांवर धावून गेल्या, खिडक्या फुटल्या, पोलीस बोलवावे लागले. या बायकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ज्या देशांतून त्या पळून आल्या होत्या तिथे ज्यू वस्त्यांवर खरोखरच कत्तली चालल्या होत्या. त्यांनी भ्यावे यात नवल नाही. शाळेत काय चालले आहे हे घरी येऊन, शेजारी बसून सांगणारे ओळखीचे माणूस नसले की विज्ञानसुद्धा सुरीसारखे दिसते. परिचारिकेच्या घरभेटीची किंमत अशा वेळी कळते.

वॉल्डबाईंच्या बाकीच्या कार्याचा केवळ धावता आढावा घेते, कारण त्यांतील प्रत्येक गोष्ट स्वतंत्र लेखाचा विषय आहे. रुग्णालयाबाहेर, लोकवस्तीत काम करणाऱ्या परिचारिकेला सार्वजनिक आरोग्य परिचारिका हे नाव त्यांनीच रूढ केले. १९१२ साली अशा परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्या पहिल्या अध्यक्षा त्याच होत्या. १९१३ च्या सुमारास त्यांच्या संस्थेत ९२ परिचारिका होत्या आणि त्या वर्षाला दोन लाख घरभेटी देत. संस्थेच्या परसात त्यांनी मुलांसाठी खेळाचे मैदान केले. गोऱ्या-काळ्यांचा भेद उंबऱ्याबाहेर ठेवला. १९०६ साली एलिझाबेथ टायलर या कृष्णवर्णीय परिचारिकेला कामावर घेतले. १९०९ साली निग्रोंच्या हक्कांसाठी भरलेल्या राष्ट्रीय परिषदेच्या पाहुण्यांचे स्वागत झाले तेही हेन्री स्ट्रीटच्या घरातच.

एक प्रसंग आमच्या कापसाच्या मुलखातल्या वाचकांना विशेष रुचेल. १९०३ साली एके सकाळी वॉल्डबाई आणि त्यांच्या सहकारी फ्लॉरेन्स केली न्याहारीच्या वेळी टपाल आणि वर्तमानपत्र पाहत होत्या. कापसाच्या बोंडावरील किडीने झालेल्या नुकसानीची पाहणी करायला देशाचा शेतीमंत्री स्वतः दक्षिणेकडे निघाल्याची बातमी होती. वॉल्डबाईंच्या मनात आले, कापसाच्या पिकासाठी मंत्री धावतो, मग मुलांच्या पिकासाठी सरकारात एकही खाते का नसावे? या विचारामागे त्या नऊ वर्षे लागल्या आणि अखेर १९१२ साली अमेरिकन सरकारने मुलांच्या कल्याणासाठी स्वतंत्र कचेरी उघडली. तिच्या प्रमुखपदी ज्युलिया लॅथ्रप ही स्त्री नेमली गेली.

पहिले महायुद्ध सुरू होताच २९ ऑगस्ट १९१४ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून स्त्रियांचा एक मूक मोर्चा निघाला. त्याच्या पुढाऱ्यांत वॉल्डबाई होत्या. युद्धाला विरोध केल्याबद्दल त्यांना टीका सोसावी लागली आणि काही देणगीदारांनी हात आखडता घेतला. त्या डगमगल्या नाहीत. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली तेव्हा शहरातील परिचारिकांच्या कामाचा मेळ घालण्याची जबाबदारी मात्र त्यांच्यावरच आली. प्रकृती ढासळल्यामुळे १९३३ साली त्यांनी संस्थेचे अध्यक्षपद सोडले. १ सप्टेंबर १९४० रोजी कनेटिकट राज्यातील वेस्टपोर्ट येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नाही. आपल्या कामाची हकीकत सांगणारी दोन पुस्तके त्यांनी लिहिली, एक १९१५ साली आणि दुसरे १९३४ साली.

वॉल्डबाईंची जन्मतिथी १० मार्च. याच तिथीला, १८९७ साली, आपल्या सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगने गेल्या. प्लेग झालेल्या मुलाला उपचारांसाठी नेताना त्यांनाही लागण झाली. एक शाळेची बाई आणि एक दवाखान्याची बाई. दोघींची कधी भेट झाली नाही. पण शिकवणे आणि जगवणे ही दोन कामे वेगळी करता येत नाहीत, हे दोघींनाही कळले होते.

आपल्या देशात शाळेतील मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोद्यात झाली. पुढे १९४६ साली भोर समितीने शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच, असा निर्वाळा दिला. त्यानंतर समित्या आल्या, योजना आल्या. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला तो आपल्या महाराष्ट्रातल्या पालघरला. या कार्यक्रमात दोन डॉक्टर, एक नर्स आणि एक औषधनिर्माता असे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुले तपासते. ही मोठीच सोय आहे. अनेक मुलांच्या हृदयाचे, डोळ्यांचे, कानांचे दोष यामुळे वेळीच ध्यानात येतात. पण उवा आणि फोड हे पथकाची तारीख पाहून येत नाहीत. पथक गेल्यावर उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मूल, मलम आणि घर यांची गाठ कोण घालणार? उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडे सपाटीच्या भागात साधारण पाच हजार लोकवस्ती असते. बाळंतपणे, लसीकरण, कुटुंबकल्याण आणि न संपणारी रजिस्टरे हे सारे सांभाळून त्यांनी शाळेकडे कधी पाहावे?

अमेरिकेतसुद्धा हा प्रश्न सुटलेला नाही. तेथील शालेय परिचारिकांच्या संघटनेने पूर्वी साडेसातशे निरोगी मुलांमागे एक नर्स असे प्रमाण सुचवले होते. २०१६ साली तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने प्रत्येक शाळेत किमान एक पूर्णवेळ नर्स असावी अशी शिफारस केली. तरी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे एक चतुर्थांश शाळांत नर्सच नसल्याचे आढळले. म्हणजे ज्या देशात हे काम सुरू झाले तिथेही वॉल्डबाईंची अट पुन्हा पुन्हा आठवून द्यावी लागते. पैसे कमी पडले की शाळेच्या खर्चातून आधी कात्री लागते ती नर्सला, कारण तिने थांबवलेली गैरहजेरी कुणाला दिसत नाही.

मी विचार करते, माझ्या वेळी काय झाले? शेजारच्या वहिनी त्याच आठवड्यात बाळंत झाल्या नसत्या तर नर्सबाई आमच्या गल्लीत आल्या नसत्या. मी ओट्यावर बसलेली नसते तर त्यांना दिसले नसते. चौथीतल्या एका मुलीची शाळा अशा दोन योगायोगांवर टिकली आणि म्हणून आज मी या अंकात लिहिते आहे. ज्यांच्या वाट्याला तो योगायोग आला नाही त्या मुली काय करतात, हे मला ठाऊक आहे. त्यांतील एक माझ्याच वर्गात होती. ती आता आईबरोबर कापूस वेचायला जाते. लिलियन वॉल्ड यांनी आयुष्यभर एकच काम केले असे म्हणता येईल. जे योगायोगाने होत होते ते त्यांनी पगारावर नेमलेल्या माणसाच्या रोजच्या कामात बसवले.

त्यांची जन्मतारीख, मृत्यूची तारीख, त्यांच्या घराचा क्रमांकसुद्धा आता मला पाठ झाला आहे. हा लेख लिहून झाल्यावर ध्यानात आले की, मला हाताला धरून शाळेत नेणाऱ्या बाईंचे नाव मात्र मला माहीत नाही. गावात सगळे त्यांना नर्सबाईच म्हणत. पुढे त्यांची बदली झाली. या सुटीत घरी गेले की आईला विचारणार आहे. तिलाही आठवत नसेल तर उपकेंद्रात जाऊन विचारीन.